गणपती उठले की शिंका सुरू: काढा, मध, नेती यांतलं खरं कामाचं काय?

वाचकाचं पत्र

गेली काही वर्षं गणपती उठले की माझ्या शिंका सुरू होतात आणि दिवाळी सरेपर्यंत थांबत नाहीत. सकाळी उठल्या उठल्या एकामागून एक शिंका, नाकातून पाण्याची धार, डोळे आणि टाळू खाजतात. रात्री नाक चोंदतं म्हणून मेडिकलमधून आणलेले थेंब घालून झोपते. आता त्या थेंबांशिवाय झोपच लागत नाही. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला होता, पण त्यात स्टिरॉइड आहे असं कळल्यावर मी तो उघडलाही नाही. सासूबाई तुळस-आल्याचा काढा देतात. व्हॉट्सॲपवर वाचून गावाकडचा मध मागवला, नाकात मोहरीचं तेलही घालून पाहिलं. यंदा नऊ वर्षांच्या मुलालाही असंच व्हायला लागलंय. केमिकलच्या गोळ्या न घेता, नैसर्गिक उपायांनी ही ॲलर्जी मुळापासून जाईल का? प्रतिकारशक्ती वाढवायला काय घ्यावं?
— एक वाचक, हडपसर, पुणे

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेला आहात, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलते. ते रात्रीचे थेंब.

मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या या थेंबांत बहुतेक वेळा झायलोमेटॅझोलिन किंवा ऑक्सिमेटॅझोलिन असतं. त्याने नाकातल्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि दोन-चार मिनिटांत नाक मोकळं होतं. म्हणूनच ते इतकं आवडतं. पण ते चार-पाच दिवसांपुरतंच औषध आहे. त्यापुढे वापरत राहिलं की असर उतरताच रक्तवाहिन्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात, नाक आणखी चोंदतं आणि पुन्हा थेंब लागतात. तुमचं रात्रीचं नाक चोंदणं आता नुसतं ॲलर्जीचं राहिलेलं नाही, त्यात या थेंबांचा मोठा वाटा असणार. तुम्हाला सवय लागायची भीती स्प्रेची वाटते आणि सवय लागली आहे ती थेंबांची, हे मला मनापासून सांगावंसं वाटतं.

थेंब सोडता येतात. पुष्कळांना एक युक्ती सोपी जाते: आधी एकाच नाकपुडीत थेंब बंद करायचे. ती मोकळी राहायला लागली की दुसरीतले बंद करायचे. पहिले काही दिवस त्रासाचे जातात, उशी उंच घेऊन झोपावं लागतं. या दिवसांत आधार म्हणून डॉक्टर बहुधा तोच स्प्रे वापरायला सांगतील जो तुमच्या कपाटात न उघडता पडला आहे. त्यांना भेटा आणि थेंब किती दिवसांपासून घेताय ते न लपवता सांगा.

आता तुमचा प्रश्न. प्रतिकारशक्ती वाढवायला काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. ॲलर्जी प्रतिकारशक्ती कमी पडल्याने होत नाही. शरीर एका निरुपद्रवी परागकणाला शत्रू समजतं, त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवून ठेवतं, आणि पुढच्या वेळी तो पराग नाकात शिरला की तिथल्या पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात. शिंका, खाज, पाणी हा सगळा हिस्टामिनचा खेळ. म्हणजे इथे प्रतिकार जरुरीपेक्षा जास्त होतोय. ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून विकली जाणारी चूर्णं आणि गोळ्या यासाठी घेण्यात अर्थ नाही. ते पैसे वाचवा.

भाद्रपद ते कार्तिक हा काळ आपल्याकडे गवतांचा. पावसाने माजलेलं गवत तुऱ्यावर येतं, रिकाम्या प्लॉटवर काटेमाठ, एरंड, गाजर गवत फुलतं. हडपसरसारख्या भागात दोन इमारतींच्या मध्ये एखादा मोकळा प्लॉट असतोच. पाऊस थांबून ऊन आणि वारा सुरू झाला की हे पराग हवेत चढतात. गाजर गवताचं पुण्याशी नातं जुनं आहे. १९५०च्या दशकात ते आपल्याकडे पहिल्यांदा ठळकपणे नजरेत आलं ते पुण्यातच, आणि अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानलं जातं. काँग्रेस गवत म्हणतात तेही हेच. त्याने नाकाची ॲलर्जी होते, आणि हवेतून उडालेले त्याचे कण लागून काहींच्या पापण्या, मान, कोपराच्या घड्या लाल होऊन खाजतात. तुमच्या डोळ्यांभोवतीची कातडी जाड, काळपट होत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवताना या गवताचा उल्लेख जरूर करा.

याच दिवसांत सप्तपर्णी फुलते आणि तिच्या उग्र वासाने अनेकांचं डोकं चढतं, म्हणून सगळा दोष तिच्या माथी मारला जातो. वासाने नाक चुरचुरू शकतं, शिंकही येते. पण ज्या फुलांना वास असतो त्यांचा पराग सहसा किडे-फुलपाखरं वाहून नेतात. तो चिकट असतो आणि वाऱ्यावर फारसा लांब जात नाही. हवेतून नाकात येणारा पराग बहुतेक अशा झाडांचा आणि गवतांचा, ज्यांच्या फुलांकडे आपण बघतही नाही. सोसायटीतली सप्तपर्णी तोडायचा अर्ज देण्याआधी कुंपणाबाहेरचं गवत बघा.

मधाचं कोडंही इथेच सुटतं. स्थानिक मधात स्थानिक पराग असतो, तो रोज थोडा थोडा पोटात गेला की शरीराला त्याची सवय होते, अशी ती कल्पना. कल्पना वेडगळ नाही, ती का नाही ते पुढे सांगते. पण मधमाशी ज्या फुलांवर बसते ती वासाची, रंगाची फुलं. तुम्हाला छळणारा गवताचा पराग मधात आलाच तर नावाला येतो, आणि किती आला हे कुणालाच माहीत नसतं. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत एका गटाला स्थानिक मध, दुसऱ्याला दुकानातला मध आणि तिसऱ्याला मधाच्या चवीचा पाक दिला होता. तिन्ही गटांत फरक पडला नाही. मलेशियातल्या २०१३च्या एका अभ्यासात मधाने फायदा दिसला, पण तिथे वजनाच्या दर किलोमागे रोज एक ग्रॅम मध दिला होता आणि सोबत ॲलर्जीची गोळीही होती. पंचावन्न किलोच्या बाईने रोज पंचावन्न ग्रॅम मध खायचा म्हणजे साखरेचा विचार आलाच. घसा खवखवतो तेव्हा चमचाभर मध जरूर चाटा, बरं वाटतं. त्यापलीकडे त्याच्याकडून काही मागू नका. आणि घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मधाचं बोटसुद्धा लावू नका. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

सासूबाईंचा काढा चालू ठेवा. तुळस, आलं, गवती चहा, दोन मिरे: गरम पेय घशाला शेकतं, नाकातला चिकटा पातळ होतो, आणि कुणीतरी आपल्यासाठी ते उकळून आणून देतं याचंही मोल आहे. ॲलर्जी मात्र त्याने थांबत नाही. त्यात ज्येष्ठमध पडत असेल तर जपून. रोज, आठवडेच्या आठवडे पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. सासूबाई स्वतःही तोच काढा घेत असतील आणि त्यांना बीपीची गोळी चालू असेल तर ज्येष्ठमध काढूनच टाका. हळदीच्या दुधाचंही तसंच. हळदीतला करक्युमिन हा घटक आतड्यातून फार थोडा शोषला जातो, कपभर दुधातून औषधाइतका मिळत नाही. आवडत असेल तर प्या.

मोहरीचं तेल मात्र बंद करा. नाकात सोडलेलं तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरू शकतं, तिथून ते बाहेर पडत नाही आणि त्याने एका वेगळ्याच प्रकारचा न्यूमोनिया होतो. मुलाच्या नाकात तर तेलाचा थेंबही नको. वैद्यांकडून नस्य, म्हणजे नाकात औषधी तेल घालायची क्रिया, करून घ्यायचं असेल तर ते त्यांच्या देखरेखीखाली, मोठ्या माणसाने, आणि दमा नाही याची खात्री करून. घरी करायचंच असेल तर बाहेर पडताना नाकपुड्यांच्या कडेला बोटाने खोबरेल तेल, तूप किंवा व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. आत घालायचं नाही, नुसतं काठाला. हवेतला थोडा पराग त्याला चिकटतो आणि आत जात नाही. साधा उपाय आहे, पण बऱ्याच जणांना आराम देतो.

वाफेने तेवढ्यापुरतं नाक सुटतं. घ्यायची तर मोठ्यांनीच. उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीवर ओढून घेतलं जातं आणि मुलं भाजतात. कोविडच्या काळात अशी भाजलेली मुलं रुग्णालयांत जास्त येऊ लागली होती. ओवा-कापराची पोटली मुलाच्या गळ्यात बांधत असाल तर तीही सोडा. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात, आणि पोटली तोंडात घालायला मुलाला किती वेळ लागतो?

मग नैसर्गिक म्हणावं असं खरंच उपयोगाचं काय? मिठाच्या पाण्याने नाक धुणं. आपल्याकडे जलनेती म्हणून ते पूर्वापार चालत आलंय. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये सुरू केलं, तिथे अशा शुद्धिक्रिया पद्धतशीर शिकवल्या जातात. आज जगभरातले कान-नाक-घशाचे डॉक्टरही ती सांगतात. यात गूढ काही नाही. नाकाच्या अस्तराला चिकटलेला पराग आणि हिस्टामिनने भरलेला शेंबूड, दोन्ही वाहून जातात. काढा पोटात जातो, मध पोटात जातो. पराग असतो नाकात, आणि हा एक घरगुती उपाय थेट तिथे पोचतो.

पण तो नीट करायला हवा. अर्धा लिटर पाण्यात एक सपाट छोटा चमचा मीठ, म्हणजे साधारण पाच ग्रॅम. चुरचुरत असेल तर चिमूटभर खायचा सोडा. पाणी आधी खळखळून उकळायचं, उकळी फुटल्यावर एक-दोन मिनिटं तसंच ठेवायचं, झाकून कोमट होऊ द्यायचं. नळाचं नको, टाकीचं नको, फिल्टरचं असलं तरी उकळूनच. याचं कारण गंभीर आहे. पाण्यात क्वचित नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असतो. तो प्यायल्याने काही होत नाही, पण नाकातून मेंदूत पोचला तर माणूस सहसा वाचत नाही. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नेती करणारे दोन जण याने दगावले. केरळमध्ये अलीकडे तळ्यात-विहिरीत अंघोळ केलेल्यांना याच अमीबाची लागण झाल्याचं तुम्ही वाचलं असेल. उकळलेल्या पाण्याने हा धोका उरत नाही.

बेसिनवर वाका, मान एका बाजूला कलती करा, तोंड उघडं ठेवून तोंडाने श्वास घ्या आणि नेतीपात्रातून, म्हणजे तोटीच्या छोट्या भांड्यातून, वरच्या नाकपुडीत हळूहळू पाणी सोडा. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येईल. मग दुसरी बाजू. शेवटी खाली वाकून दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलकेच नाक शिंकरा. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलंत तर पाणी कानाकडे जातं आणि कान दुखतो. नाक पूर्ण बंद असताना, कान दुखत असताना किंवा नाकाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर करू नका. बाहेरून आल्यावर संध्याकाळी एकदा पुरे. झोपायच्या अगदी आधी केलं तर उरलेलं पाणी घशात उतरत राहतं. नेतीपात्र रोज गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. मुलगा तयार असेल तर तुमच्या समोर, तुमच्या मदतीने करू दे. घाबरत असेल तर बळजबरी नको, मेडिकलमध्ये मिळणारा मिठाच्या पाण्याचा साधा फवारा त्याला पुरेल.

पराग नाकात कमी जाईल हे पाहणं हा दुसरा खरा नैसर्गिक उपाय. तुम्ही टू-व्हीलरवर जात असाल तर हेल्मेटची काच खाली आणि आत मास्क. पुण्यातल्या बायका स्कार्फ बांधतात तो चांगलाच, पण तो रोज धुवा. आठवडाभर वापरलेल्या स्कार्फमध्ये आठवडाभराचा पराग असतो. घरी आल्यावर कपडे बदला, चेहरा धुवा, केस मोकळे सोडून बाहेर पडत असाल तर ते ओल्या हाताने पुसून घ्या. कोरडी, वाऱ्याची सकाळ असेल तर खिडक्या उशिरा उघडा. या दिवसांत उशीचे अभ्रे आणि चादरी बाहेर गॅलरीत वाळत घालू नका, घरात वाळवा. देवघरातली उदबत्ती, धूप, कचरा जाळल्याचा धूर हे ॲलर्जीचं कारण नसतं, पण सुजलेल्या नाकाला आणखी चिडवतात. मुलगा झोपतो त्या खोलीत तरी धूर नको.

प्लॉटवरचं गाजर गवत तुम्ही हाताने उपटू नका. सोसायटीतर्फे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात तक्रार द्या आणि ते फुलण्याआधी काढून घ्या. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलतं आणि एक झाड हजारो बिया टाकतं, त्यामुळे ऑक्टोबरात कापून पुढच्या वर्षीची बेगमी थांबत नाही. जून-जुलैत पाठपुरावा करावा लागतो. काढणाऱ्या माणसाला हातमोजे आणि मास्क द्या. त्यालाही नाक आणि कातडी आहे. मोकळ्या जागेत टाकळा पेरला तर तो गाजर गवताला बराच मागे रेटतो.

एवढं सगळं करूनही तुमच्यासारखा त्रास असेल तर औषध लागतंच, आणि त्यात हरण्यासारखं काही नाही. त्या स्प्रेबद्दलची भीती समजू शकते, कारण स्टिरॉइड म्हटलं की सुजलेला चेहरा आणि वाढलेली साखर डोळ्यांसमोर येते. पण प्रमाण बघा. फ्लुटिकासोन या स्टिरॉइडच्या नेहमीच्या स्प्रेमध्ये एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम औषध असतं, म्हणजे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग. ते नाकातच काम करतं, रक्तात फारच थोडं जातं. त्याची सवय लागत नाही. थेंबांसारखा तो लगेच असर दाखवत नाही, पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून बरेच जण तिसऱ्या दिवशी सोडून देतात. मारताना उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारा. स्प्रेचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला वळवलं की रक्त येण्याचा त्रास टळतो. नाक धुतल्यावर थोड्या वेळाने मारला तर उत्तम. तुमचा त्रास गणपतीनंतर ठरलेलाच आहे, तर पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या सुमारासच डॉक्टरांना विचारून तो सुरू करा.

भीती बाळगायचीच असेल तर दुसऱ्या गोष्टीची बाळगा: नाव, घटक, काहीही न छापलेल्या पुड्या, ‘शंभर टक्के आयुर्वेदिक, सर्दी-दमा कायमचा बंद’ म्हणून मिळणाऱ्या. चार दिवसांत जादूसारखा गुण येणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, आणि तेही मिलिग्रॅममधलं, पोटात जाणारं. अशी पुडी घरात असेल तर ती एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवा.

मुळापासून जाईल का, हे तुम्ही विचारलंत. मुळाला हात घालणारा एक उपचार आहे आणि तो मधाच्याच कल्पनेवर उभा आहे. १९११ साली लंडनमध्ये लिओनार्ड नून या डॉक्टरांनी गवताच्या परागाचा अर्क अगदी थोड्या, वाढत्या मात्रेत टोचून पाहिला. आज त्यालाच इम्युनोथेरपी म्हणतात. आधी कातडीवर टोचून तपासणी करतात, कोणता पराग छळतो ते ठरवतात, मग त्याच परागाचा मोजलेला अर्क इंजेक्शनने किंवा जिभेखालच्या थेंबांनी तीन ते पाच वर्षं देतात. पराग नेमका, मात्रा नेमकी, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर. सगळ्यांना तो लागत नाही, वेळ आणि पैसा दोन्ही खर्च होतात, आणि सगळ्यांना सारखा गुणही येत नाही. पण ज्यांना येतो त्यांना तो थांबवल्यावरही काही वर्षं टिकतो. चौकशी करायला हरकत नाही. तपासणीच्या आधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, ते विचारून घ्या.

मुलाला मात्र या आठवड्यातच दाखवा. तळहाताने नाक वर पुसतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का, घोरतो का, डोळे सारखे चोळतो का, हे दोन-तीन दिवस बघून लिहून न्या. डोळे चोळण्याची सवय लवकर मोडायला हवी, जोरात चोळून बुबुळाला इजा होऊ शकते. थंड पाण्याची पट्टी ठेवा. आणि रात्री किंवा पळाल्यावर खोकला येत असेल, छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर ते आधी सांगा. नाकाची ॲलर्जी आणि दमा बऱ्याचदा जोडीने येतात, आणि मुलांचा दमा सुरुवातीला नुसत्या खोकल्यासारखाच दिसतो. श्वास लागत असेल, बोलताना धाप लागत असेल तर वाट न बघता रुग्णालयात न्या. तुमच्याही बाबतीत एकाच नाकपुडीतून घाण किंवा रक्त येणं, ताप, गालावर ठणका असं काही असेल तर ती साधी ॲलर्जी नव्हे.

दिवाळीची साफसफाई आता तोंडावर आली आहे. माळ्यावरचं सामान यंदा तुम्ही काढू नका, मुलालाही त्या दिवशी घरात ठेवू नका. वर्षभराच्या धुळीत माइट नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, त्यांची वेगळी ॲलर्जी असते आणि परागाने आधीच चिडलेल्या नाकाला ती झेपत नाही. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायला सांगा, गाद्या घरातच कडक ऊन येतं तिथे टाका, चादरी ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. हे काम घरातल्या ज्यांना शिंका येत नाहीत त्यांनी करायचं, हे माझं पत्र दाखवून सांगितलंत तरी चालेल.